अमेरिकेतील ऑस्टिओपॅथिक वैद्यकांचे राज्यस्तरीय नियमन व परवाना पद्धती : एक अभ्यास

प्रस्तावना :

'ऑस्टिओपॅथी' हा शब्द ऐकताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सहसा हाडवैद्य उभा राहतो. हा समज सर्वस्वी निराधार नाही. कारण अस्थी, स्नायू व सांधे यांवरील हस्तोपचार हेच या पद्धतीचे मूळ होय. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्यान्वये ऑस्टिओपॅथ हा स्वतंत्र नोंदणीकृत व्यवसाय ठरला. परंतु तेथील ऑस्टिओपॅथ औषधे लिहून देत नाही वा शस्त्रक्रिया करीत नाही. अमेरिकेत मात्र 'डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन' म्हणजेच डी. ओ. ही पदवी धारण करणारा वैद्यक एम. डी. पदवीधारकाप्रमाणेच औषधयोजना, शस्त्रक्रिया व प्रसूती अशी सर्व कामे करू शकतो. (अमेरिकेत एम. डी. ही आपल्याप्रमाणे पदव्युत्तर पदवी नसून वैद्यकाची पहिली व्यावसायिक पदवी आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.)

एकाच नावाच्या व्यवसायास दोन देशांत इतके भिन्न स्थान का लाभले? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्रापेक्षा परवान्याच्या कायद्यात अधिक सापडते. प्रस्तुत लेखात त्या कायद्याची वाटचाल व सद्यःस्वरूप यांचा आढावा घेतला आहे.

१. नियमनाचा अधिकार कोणाचा?

अमेरिकेत वैद्यकीय परवाना देण्याचा अधिकार संघराज्य शासनाकडे नसून प्रत्येक घटकराज्याकडे आहे. लोकांचे आरोग्य व सुरक्षितता यांच्या रक्षणासाठी राज्य वैद्यकाची पात्रता ठरवू शकते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये 'डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया' या खटल्यात मान्य केले. परिणामी ऑस्टिओपॅथीला आपल्या मान्यतेचा लढा एकदाच नव्हे, तर राज्यागणिक लढावा लागला.

२. मर्यादित मान्यतेचा कालखंड

या पद्धतीचे प्रवर्तक अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे पहिले विद्यालय स्थापन केले. तत्कालीन औषधांच्या बेसुमार वापरावर त्यांचा विश्वास नव्हता. मिसुरीच्या विधिमंडळाने १८९५ मध्ये संमत केलेले मान्यतेचे विधेयक राज्यपालांनी नकाराधिकार वापरून रोखले. त्यामुळे पहिल्या कायदेशीर मान्यतेचा मान १८९६ मध्ये व्हर्माँट राज्याकडे गेला; मिसुरीने १८९७ मध्ये तसा कायदा केला.

मात्र मान्यता म्हणजे समान अधिकार नव्हे. अनेक राज्यांचे परवाने केवळ हस्तोपचारापुरते होते; औषधे देणे व मोठ्या शस्त्रक्रिया करणे त्यांत वर्ज्य होते. एका राज्यात पूर्ण वैद्यक गणली जाणारी व्यक्ती सीमा ओलांडताच मर्यादित व्यावसायिक ठरत असे.

३. परीक्षा : अडसर आणि प्रेरणा

वैद्यकीय शिक्षणावरील १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने ऑस्टिओपॅथिक विद्यालयांवरही कठोर टीका केली. पुढे १९२५ पासून, प्रथम विस्कॉन्सिन व कनेक्टिकट येथे, 'मूलभूत विज्ञान' परीक्षेचे कायदे झाले. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र इत्यादी विषयांची ही परीक्षा सर्व पंथांच्या उमेदवारांना परवान्यापूर्वी उत्तीर्ण व्हावी लागे. तीत ऑस्टिओपॅथिक उमेदवारांच्या अनुत्तीर्णतेचे प्रमाण आरंभी मोठे होते. परंतु ज्या परीक्षेने वाट अडविली तिनेच विद्यालयांना सुधारणेस भाग पाडले. प्रवेशाची पात्रता वाढली, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, औषधशास्त्राने अभ्यासक्रमात स्थान मिळविले. १९३४ मध्ये या व्यवसायाने स्वतःचे राष्ट्रीय परीक्षा मंडळही स्थापन केले.

४. कॅलिफोर्नियाचे उदाहरण

नियमनातील अंतर्विरोध कॅलिफोर्नियात सर्वाधिक स्पष्टपणे प्रकटला. तेथे १९२२ मध्ये जनमताच्या कौलाने स्वतंत्र ऑस्टिओपॅथिक परीक्षक मंडळ निर्माण झाले होते. १९६१ मध्ये मात्र दोन्ही व्यवसायांच्या राज्य संघटनांनी विलीनीकरणाचा करार केला. राज्यातील ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय एम. डी. महाविद्यालयात रूपांतरित झाले आणि दोन हजारांहून अधिक डी. ओ. वैद्यकांनी ६५ डॉलर शुल्क भरून एम. डी. पदवी स्वीकारली. १९६२ मध्ये मतदारांनी संमत केलेल्या कायद्याने नव्या डी. ओ. परवान्यांचे दार बंद झाले. जुन्या मंडळाच्या अखत्यारीतील वैद्यकांची संख्या ४० वर येताच ते मंडळही विसर्जित व्हावे, अशी तरतूद होती.

या घटनेतून एक प्रश्न अटळपणे उभा राहिला. जे वैद्यक नव्या शिक्षणाविना केवळ शुल्क भरून एम. डी. म्हणून पात्र ठरतात, त्यांच्यासारखेच शिक्षण घेतलेले इतर राज्यांतील डी. ओ. अपात्र कसे? १९७४ मध्ये 'डी'अमिको' खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी समान संरक्षणाच्या तत्त्वाशी विसंगत ठरविली आणि परवाने पुन्हा सुरू झाले.

दरम्यान १९६६ मध्ये संरक्षण खात्याने सैन्याच्या वैद्यकीय सेवेत डी. ओ. पदवीधारकांना प्रवेश दिला. १९७३ मध्ये मिसिसिपीने कायदा केल्यानंतर सर्व ५० राज्यांत परवान्याचा मार्ग खुला झाल्याचे सामान्यतः मानले जाते.

५. सद्यःस्थिती

आज नियमनाचे दोन नमुने दिसतात. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, ओक्लाहोमा आदी राज्यांत डी. ओ. वैद्यकांसाठी स्वतंत्र मंडळ आहे. टेक्सास, ओहायो, मिसुरी यांसारख्या राज्यांत एकच संयुक्त मंडळ दोहोंचे नियमन करते. परवान्यासाठी साधारणतः अधिस्वीकृत महाविद्यालयाची पदवी, 'कॉम्लेक्स' ही तीन स्तरांची परीक्षा, राज्याने ठरविलेल्या मुदतीचे पदव्युत्तर प्रशिक्षण आणि पूर्वचारित्र्याची पडताळणी आवश्यक असते. मंडळाचे काम परवाना देऊन संपत नाही. नूतनीकरण, निरंतर शिक्षण, तक्रारींची चौकशी आणि प्रसंगी निलंबन हीही त्याचीच कर्तव्ये होत.

प्रशिक्षणातील भिंतीही अलीकडे दूर झाल्या. २०१५ मध्ये सुरू झालेली एकत्रित अधिस्वीकृतीची प्रक्रिया २०२० मध्ये पूर्ण झाली आणि डी. ओ. व एम. डी. यांचे पदव्युत्तर प्रशिक्षण एकाच छत्राखाली आले. २०१७ पासून कार्यान्वित झालेल्या आंतरराज्य परवाना करारातही दोन्ही पदव्यांना समान स्थान आहे. परदेशात शिकलेल्या, वैद्यक नसलेल्या ऑस्टिओपॅथला मात्र या मार्गाने परवाना मिळत नाही.

६. समारोप

अधिकार समान झाल्यावर स्वतंत्र मंडळांची आवश्यकता उरते काय, हा प्रश्न खुला आहे. समर्थकांच्या मते हस्तोपचाराचे मूल्यमापन त्यातील जाणकारांनीच करावे आणि संयुक्त मंडळात अल्पसंख्य व्यवसायाचा आवाज दबू नये. समान निकषांसाठी दोन यंत्रणा म्हणजे दुहेरी खर्च, असे विरोधकांचे म्हणणे आहे. दोन्ही बाजूंत तथ्य असले, तरी रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते मंडळाचे नाव नसून त्याची दक्षता होय.

या इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, व्यवसायाचा अधिकार पंथाच्या नावावर नव्हे, तर सिद्ध झालेल्या शिक्षणावर अवलंबून असावा. ऑस्टिओपॅथीला समान अधिकार मिळाले त्यामागे अभ्यासक्रम व परीक्षा यांतील अनेक दशकांची सुधारणा होती. दुसरा, शिक्षण समान झाल्यावरही केवळ पदवीच्या नावावरून दार बंद ठेवणे हे रुग्णहिताचे रक्षण नसून व्यवसायहिताचे रक्षण ठरते. भिन्न वैद्यकपद्धतींच्या अधिकारांविषयी वाद जेथे जेथे होतात, तेथे या दोन्ही निष्कर्षांचा एकत्रित विचार होणे अगत्याचे आहे.