अल वक्र्याचा करार

१२ सप्टेंबर १८६८. अल वक्र्याच्या बंदराबाहेर 'व्हिजिलंट' ही इंग्रज युद्धनौका नांगर टाकून उभी होती. तिच्यावरून आलेले लेफ्टनंट कर्नल लुईस पेली हे बुशेहरचे रेसिडेंट. त्यांना हुकूम येत ते मुंबई सरकारकडून. दोह्याचे शेख मुहम्मद बिन थानी यांनी त्या दिवशी पेलींशी करार केला. कतारचा राजकीय जन्म शोधू लागलो की याच कागदापाशी यावे लागते. वसईच्या तहात आपले राज्य हातचे गेले. वक्र्याच्या करारातून एक राज्य उभे कसे राहिले, हा प्रश्न म्हणूनच माझा पिच्छा सोडत नाही.

भांडणाची ठिणगी वक्र्यातच पडली होती. बहारीनचे आल खलिफा कतारवर हक्क सांगत आणि त्यांचा प्रतिनिधी वक्र्यात राही. त्याने एका बदूला पकडून बहारीनला धाडले. लोक खवळले आणि त्यांनी प्रतिनिधीलाच हुसकावून लावले. मग बोलणी करण्याच्या मिषाने मुहम्मद यांचे पुत्र जासिम यांना बहारीनला बोलावून तुरुंगात टाकण्यात आले. ऑक्टोबर १८६७ मध्ये बहारीन आणि अबू धाबीच्या गलबतांनी दोहा आणि वक्रा लुटून फस्त केले. पुढच्या जूनमध्ये कतारी टोळ्यांनी बहारीनवर उलट चढाई केली. समुद्रावर फार रक्त सांडले, पण कैद्यांच्या अदलाबदलीत जासिम सुटले.

पेली संतापले ते समुद्रावरची शांतता मोडली म्हणून. १८५३ पासून आखातात कायमचा सागरी तह होता. इथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात आणि व्यापाराला वाट निर्धोक लागे. पेलींनी बहारीनची लढाऊ जहाजे जाळली, पळालेले तिथले शासक मुहम्मद बिन खलिफा यांच्या जागी त्यांचे बंधू अली यांना बसवले, एक लाख डॉलर दंड ठोठावला आणि मग ते वक्र्याला आले.

कराराची कलमे वाचताना पहिल्यांदा जाणवतो तो त्यांचा दटावणीचा सूर. मुहम्मद बिन थानी यांनी दोह्याला परतून शांतपणे राहावे. लढाईच्या इराद्याने समुद्रात उतरू नये. तंटा उद्भवला तर रेसिडेंटकडे यावे. मुहम्मद बिन खलिफांना थारा देऊ नये, हाती लागले तर स्वाधीन करावे. बहारीनशी सलोखा ठेवावा. दुसऱ्याच दिवशी बहारीनला दरसाल ९,००० इराणी क्रान देण्याची आकारणी टोळीवार ठरली. बारकाईने पाहिले तर मानहानीच जास्त.

पण पेलींनी कतार किनाऱ्यावरच्या शेखांना उद्देशून एक जाहीरनामाही काढला: मुहम्मद बिन थानी आपल्या शहरी परत येत आहेत, त्यांना कोणी उपद्रव देऊ नये. माझ्या मते सारे त्यातच आहे. तोवर इंग्रज कतारचा विचार बहारीनमार्फत करीत. आता कतारच्या माणसाशी त्यांनी थेट बोलणी केली होती. हात बांधणाऱ्या कागदानेच हाताला मान्यताही दिली.

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहातही वाद इंग्रजांपुढे ठेवण्याचे कलम होते. मात्र त्याच्या जोडीला सहा हजारांची तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख होता. पुण्यात रेसिडेंट तर १७८६ पासूनच बसला होता. वक्र्यात यातले काहीच झाले नाही. इंग्रजांना समुद्र हवा होता. मागच्या वाळवंटाला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. पेलींचा स्वभाव मवाळ होता असे समजू नये. १८७४ च्या अखेरीस हेच पेली बडोद्याला गेले आणि जानेवारी १८७५ मध्ये त्यांनी मल्हारराव गायकवाडांना अटक केली. बडोद्याच्या रेसिडेंटवर विषप्रयोग केल्याचा आरोप चौकशी आयोगातल्या जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि दिनकरराव राजवाडे यांना सिद्ध झाल्यासारखा वाटला नाही. तरी गैरकारभाराचा ठपका ठेवून मल्हाररावांची गादी गेली. माणूस तोच, पण बडोद्याची जमीन आणि वसूल वेगळा होता.

दुबळ्या नव्या राज्याला समुद्र किती जाचतो हे अमेरिकेनेही अनुभवले होते. स्वातंत्र्यानंतर इंग्रज आरमाराचे छत्र गेले आणि तिची जहाजे अल्जिअर्सच्या चाच्यांच्या हाती लागू लागली. १७९५ साली त्या प्रजासत्ताकाने पैसे मोजून खलाशी सोडवले आणि सालाना खंडणीही कबूल केली. आरमार बांधेपर्यंत दुसरा इलाज नव्हता.

आल थानींनी आरमार बांधले नाही. त्यांनी एका साम्राज्याला दुसऱ्याचा शह दिला. १८७१ मध्ये बगदादचे वाली मिधत पाशा यांचे सैन्य आले, तेव्हा जासिम यांनी उस्मानी झेंडा स्वीकारला, पण पित्याने तो आपल्या घरावर चढवला नाही. बापलेकांचे हे ठरवून चालले होते की खरा मतभेद होता, त्यात मी पडत नाही. राज्याला दोन्ही दारे उघडी राहिली एवढे खरे. पुढे उस्मानी अधिकारी डोईजड झाले, तेव्हा मार्च १८९३ मध्ये जासिम यांनी अल वजबा येथे त्यांचा पराभव केला.

१९१५ मध्ये तुर्क दोहा सोडून गेले. ३ नोव्हेंबर १९१६ रोजी जासिमपुत्र अब्दुल्ला यांनी पर्सी कॉक्स यांच्याशी तह करून परराष्ट्र व्यवहार इंग्रजांना देऊन टाकले. जे १८६८ मध्ये वाचले होते त्यातले बरेच तेव्हा गेले. तरीही दोह्यात कायमचा इंग्रज अधिकारी नेमायची घाई कोणी केली नाही. तो आला १९४९ साली. त्याच वर्षाच्या अखेरीस वक्र्याच्या दक्षिणेकडील उम्म सईद बंदरातून कतारच्या तेलाची पहिली खेप रवाना झाली.