ब्लॉग फुकटचा की स्वतःचा?

तेरच्या उत्खननावर पीएचडी करायची आहे आणि टिपणं ब्लॉगवर टाकायची आहेत? सुरुवातीला ब्लॉगर पुरे. पैसे लागत नाहीत, सर्व्हर गूगल सांभाळतं. स्वतः होस्टिंग घेऊन वर्डप्रेस चालवायचं तर दरवर्षीचं भाडं, अपडेट, बॅकअप सगळं आपल्याच गळ्यात; प्रबंध राहतो बाजूला.

खरी अडचण पत्त्याची. २०२३ मध्ये आपला उस्मानाबाद जिल्हा अधिकृतपणे धाराशिव झाला. जुन्या नावाचा ब्लॉगस्पॉट पत्ता आज बदलला, की कुणी प्रबंधात संदर्भ म्हणून दिलेल्या लिंक तुटतात. डोमेन स्वतःचं असेल तर जुना पत्ता नव्याकडे वळवता येतो (जुन्याचे पैसे मात्र भरत राहायचे!). म्हणून डोमेन तेवढं विकत घ्या, ब्लॉगरला जोडा. जोडायचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि पुढे वर्डप्रेसवर गेलात तरी डोमेन तेच राहतं.