सेवाग्रामचा भोजनमंत्री

शाळेच्या वेळापत्रकात हल्ली मूल्यशिक्षणाची तासिका असते, कार्यानुभवाची असते आणि वर्गाला एक मॉनिटरही असतो. या तिघांची एकमेकांशी ओळख नसते. मॉनिटर गडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो, कार्यानुभवाला आकाशकंदील होतात (बरेचदा आईच्या हातचे), आणि मूल्यशिक्षणाच्या तासाला श्रमप्रतिष्ठेवरच्या चार ओळी वहीत उतरतात. भूमिका, कौशल्य आणि मूल्य यांची मोट एकत्र बांधायची तर काय करावं लागतं, हे पाहायला या आठवड्यात वर्ध्याला जाऊ.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. अभ्यासक्रमाचं काम डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीकडे आलं. समितीने ७ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी मांडलेलं वेळापत्रक आजच्या पालकांना दाखवलं, तर ते शाळेवर मोर्चा नेतील. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला, म्हणजे ज्याभोवती बाकीचे विषय गुंफायचे त्या हस्तोद्योगाला, रोज ३ तास २० मिनिटं; मातृभाषेला ४० मिनिटं; संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटं; समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला ३० मिनिटं. व्यायाम आणि मधली सुट्टी दहा-दहा मिनिटांत आटपायची.

मग गणित कधी शिकायचं? त्याचं उत्तर सूत कातायच्या टकळीपाशी होतं. वर्धा हा कापसाचा मुलूख, म्हणून तिथे कताई आली. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. एक पौंड वजनात जितक्या गुंड्या बसतील, साधारण तितका त्या सुताचा अंक. म्हणजे मुलाने कातलेलं सूत मोजलं, तोललं, भागाकार केला की आपलं सूत किती बारीक आहे हे त्याला आपोआप कळतं. उत्तर चुकलं की बरोबर, हे पाहायला पुस्तकाची शेवटची पानं उलटावी लागत नाहीत. शिवाय कालच्यापेक्षा आज तार कमी का तुटले, हवेतल्या ओलाव्याचा त्याच्याशी काय संबंध, हे प्रश्न विज्ञानाच्या तासाची वाट पाहत थांबत नाहीत.

तरी माझ्या मते या शिक्षणपद्धतीचा, म्हणजे नई तालीमचा, खरा वर्ग टकळीपाशी नव्हता, तो स्वयंपाकघरात होता. आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने वर्ध्याजवळ सेवाग्रामला चालवलेल्या शाळेत मुलांची आमसभा भरे आणि ती आपले मंत्री निवडे. भोजनाची जबाबदारी ज्याच्याकडे येई, त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेलं असेल, त्याचा हिशेब आपण आजच्या मापात मांडून पाहू. पंगत ४० जणांची, माणशी दोन भाकरी, भाकरीला ८० ग्रॅम पीठ. म्हणजे ६ किलो ४०० ग्रॅम ज्वारीचं पीठ. कोठीत किती आहे? दळण कधी टाकायचं? डाळ महागली तर तिच्या जागी काय घालायचं, म्हणजे खर्च हाताबाहेर जाणार नाही आणि पोषणही घटणार नाही? हिशेब चुकला तर शेवटच्या पंक्तीतला मुलगा अर्धपोटी उठणार, आणि संध्याकाळच्या सभेत त्याचा जाब द्यावा लागणार. काटकसर, न्याय, जबाबदारी यांच्यावर व्याख्यान द्यायला मग उरतं काय?

सफाईचंही तसंच. संडास साफ करण्याचं काम सगळ्यांना होतं, जात कुठलीही असो. त्या काळात ही गोष्ट किती जड गेली असेल, याचा अंदाज आजही आपल्याला सहज यावा. समतेवरचा धडा पाठ करणाऱ्या आणि हातात झाडू घेणाऱ्या मुलामध्ये जे अंतर पडतं, ते परीक्षेत मोजता येत नाही, म्हणून ते खोटं ठरत नाही.

हे सगळं पुढे का टिकलं नाही? एक धोका तर झाकिर हुसेन यांनी परिषदेतच बोलून दाखवला होता: शाळेने आपला खर्च मुलांच्या कामातून भागवावा, यावरच भर दिला तर मास्तर मुकादम होतील आणि गरिबाच्या पोरांना राबवून घेतील. स्वातंत्र्यानंतर निघालेल्या नई तालीमच्या पुष्कळ बुनियादी शाळांत मुकादमी फारशी आली नाही, आलं ते औदासीन्य. टकळी राहिली, तिच्याभोवतीचे प्रश्न गेले. सुतावरून भागाकारापर्यंत नेणारा शिक्षक तयार करणं हे सूत कातण्यापेक्षा कितीतरी अवघड, आणि त्यावर पैसा व वेळ खर्चायची कोणाची तयारी नव्हती. खेड्यातल्या पालकांचीही तक्रार रास्त होती. साहेबाची पोरं इंग्रजी शिकणार आणि आमच्या पोरांनी सूतच कातायचं? त्यांना शाळा हवी होती ती शेतातून सुटका म्हणून. याला निव्वळ प्रतिष्ठेचं वेड म्हणणं अन्यायाचं होईल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जाऊन शिकायचं. चांगलंच आहे. पण दहा दिवसांत मूल पाहुणं म्हणून जातं आणि पाहुणं म्हणून परततं. भोजनमंत्र्याला दुसऱ्या दिवशीही त्याच पंगतीला सामोरं जावं लागे.

कताईऐवजी वेल्डिंग, बांधकाम, रक्तगट तपासणी आणि पोल्ट्री घेतली तर? डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला विषय शाळांमध्ये आठवड्यातला एक दिवस मागतो, आणि मुलांनी केलेल्या कामाचं गावाकडून मोलही घेतो. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.