वेंगुर्ल्याची सहल ठरवताय? आधी तिथी बघा

मैत्रिणींनो, गटाच्या सहलीचा विषय निघाला की देवदर्शन ठरलेलंच असतं. या खेपेला सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याला जाऊन या. शहर लहानसं, पण तिथल्या मांडवी खाडीत होडी वल्हवतात त्या आपल्यासारख्याच बायका! स्वामिनी बचत गटाने २०१७ साली ही कांदळवन सफर सुरू केली.

होडीतून काय बघाल? तिवराची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली दिसतील. चिखलात हवा नसते, म्हणून झाड या मुळांनी श्वास घेतं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि लांब शेंगेसारखं लोंबतं. या मुळांच्या आडोशाला कोळंबी, खेकडे, माशांची पिल्लं वाढतात. म्हणजे कांदळवन तोडलं तर मासळीही कमी होणार, हे लक्षात घ्या. खंड्या, बगळे बघायचे असतील तर होडीत गलका करू नका.

आता महत्त्वाचं. पदरमोड करून गेलो आणि ओहोटी लागली, असं नको. पाणी उतरलं की उथळ जागी होडी चिखलाला टेकते. भरतीचा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. पण हा नुसता अंदाज बरं का! तारीख ठरवण्याआधी होडीवाल्या ताईंना फोन करून नक्की वेळ विचारा. पावसाळा टाळा. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका, पोहता येत असलं तरी.

रेल्वेने कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरून पुढे एसटीने जाता येतं. काजूची लागवड असेल तर वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्रही बघा. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती तिथल्याच.

आणि फक्त फोटो काढून परतू नका. त्या ताईंना विचारा: होडीचा खर्च कसा भागवला? दर कसा ठरवला? पाळ्या कशा लावता? पावसाळ्यात काम बंद असतं तेव्हा काय करता? उत्तरं वहीत लिहून आणा आणि पुढच्या बैठकीत वाचा. खाडी त्यांच्या दाराशी होतीच, तिच्यातून रोजगार त्यांनी उभा केला. आपल्या दाराशी काय आहे, यावर त्या दिवशी बोलूया.