अस्वल अंगावर का येते?

मंडळी, आपल्यातल्या पुष्कळ म्हाताऱ्या माणसांनी अस्वल पाहिले ते दरवेश्याच्या दोरीला. नाकात वेसण, तोंडाला मुसके. आया त्याचा केस मागून घेत नि पोराच्या ताइतात घालीत. ते दिवस गेले. १९७२ सालच्या कायद्याने अस्वल धरणे किंवा मारणे गुन्हा आहे. पण रानातले अस्वल कसे राहते, हे आपल्याला ठाऊक हवे.

येलदरीच्या धरणात पाणी येते ते पूर्णा नदीचे. ही पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. त्याच डोंगरांच्या रांगेत, बुलढाणा जिल्ह्यात, ज्ञानगंगा अभयारण्य आहे. तिथे अस्वले राहतात.

अस्वल खाते काय? मुख्यतः वाळवी नि मुंग्या. लांब नखांनी ते वारूळ उकरते. फुंकर मारून माती उडवते. मग तोंडाने वाळवी ओढून घेते. त्याला वरचे पुढचे दोन दात नसतात. ती फट इथे कामी येते. मध, बोरे, जांभळे, मोहाची फुलेही ते आवडीने खाते.

हिमालयातले तपकिरी अस्वल थंडीभर गुहेत झोपते. आपले काळे अस्वल तसे झोपत नाही. इथे थंडीतही पोटाला मिळते.

थंडीच्या दिवसांत मादी गुहेत विते. बहुधा एक किंवा दोन पिले होतात. त्यांचे डोळे जन्मतः मिटलेले असतात. दोन-तीन महिन्यांनी आई त्यांना बाहेर काढते. पिले तिच्या पाठीवरचे केस धरून बसतात. दीड-दोन वर्षे ती आईजवळच राहतात.

आता मुख्य गोष्ट. अस्वलाला वास चांगला येतो, पण दिसते कमी. वारूळ उकरताना त्याला दुसरे भान नसते. अशा वेळी माणूस एकदम जवळ आला, की ते घाबरते नि अंगावर येते. पिले असली तर आई मागे हटत नाही. त्याला आपले वैर नसते, भय असते.

म्हणून अस्वलाच्या रानात मोह वेचायला अंधारात, एकट्याने जाऊ नका. उजाडल्यावर, सोबतीने जा. मोठ्याने बोला. घुंगुरकाठी वाजवा. चाहूल लागली की बहुधा अस्वलच वाट सोडते. समोर दिसलेच, तर पळू नका, दगड मारू नका. हळूहळू मागे सरा. अंगावर आलेच, तर पालथे पडा नि दोन्ही हातांनी मान झाका.

जखम झाली तर आधी दवाखाना गाठा. वनखात्यालाही लगेच कळवा. सरकारकडून भरपाई मिळते.