नांगर, पण जहाजाचा

मराठीत शेत उकरतो तोही नांगर आणि जहाज जागच्या जागी धरून ठेवतो तोही नांगरच. विदर्भातल्या माणसाची पहिल्याशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. दुसऱ्याशी नाते केवळ शब्दापुरते. झिरो माइलचा दगड मिरवणाऱ्या नागपूरहून मुंबईचा धक्का सुमारे आठशे किलोमीटर दूर आहे. त्यामुळे नांगराची साखळी गुंडाळणारा विंडलास, धक्क्याला बांधायचे दोर ताणणारे विंच आणि डेकवरची तशीच इतर अवजड यंत्रे नागपुरात बनू शकतात असे कोणी म्हटले, तर ऐकणारा हसेल. मला मात्र हे हसणे घाईचे वाटते. डेकवरच्या यंत्राचे मूळ कसब समुद्राचे नाही. ते दोर, ड्रम, दातेरी चाके आणि ब्रेक यांचे आहे, आणि ते विदर्भात आधीपासून रोज वापरात आहे.

विंच म्हणजे ओढणारे यंत्र, अशी सर्वसाधारण समजूत असते. पण विहिरीवरचा रहाट आठवा. पोहरा वर ओढणे हे कष्टाचे काम खरे, पण धोका ओढण्यात नसतो. भरला पोहरा अर्ध्यावर असताना हात सुटला तर असतो. जहाजाचेही तसेच. नांगराच्या साखळीची एक शॅकल 27.5 मीटरची. जहाजे व त्यांची यंत्रे तपासून प्रमाणित करणाऱ्या जगातल्या प्रमुख वर्गीकरण संस्थांचा सामाईक नियम सांगतो, की 82.5 मीटर, म्हणजे तीन शॅकल साखळी पाण्यात लोंबत असताना विंडलासने ती मिनिटाला सरासरी किमान 9 मीटर वेगाने वर घ्यावी. हे ओढण्याचे झाले. धरण्याचा नियम फार कडक आहे. साखळी अडकवणारा वेगळा स्टॉपर नसेल, तर साखळी तुटण्याइतक्या भाराच्या 80 टक्के भार एकट्या ब्रेकने पेलायचा. स्टॉपर असेल तर 45 टक्के. मध्यम प्रतीच्या पोलादाची 50 मिलिमीटरची साखळी धरून हिशेब केला, तर मोटरीला सुमारे 11 टन ओढावे लागतात आणि स्टॉपर नसलेल्या ब्रेकला सुमारे 112 टन रोखून धरावे लागतात. धरणे हे ओढण्याच्या दसपट! विंडलास बनवणाऱ्याची परीक्षा मोटरीच्या ताकदीपेक्षा या ब्रेकमध्येच होते.

हीच परीक्षा खाणीत रोज होते. मॅंगनीज काढणाऱ्या मॉयलचे मुख्यालय नागपुरात आहे. कंपनी 1962 सालची असली, तरी तिची मुळे 1896 सालच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपर्यंत जातात. 1975 पासूनची वेस्टर्न कोलफिल्ड्सही नागपूरचीच. भूमिगत खाणीतून खनिज वर येते ते तारेच्या दोरावर आणि फिरत्या ड्रमवर. उभ्या विवरात माणसेही त्याच दोराला लटकलेल्या केजमधून ये-जा करतात. डेकवर ब्रेक घसरला तर नांगर जाईल किंवा जहाज भरकटेल, इथे ब्रेक घसरला तर पाळीवरची माणसे जातील. म्हणून खाणीतला दोर ठरावीक मुदतीने तपासला जातो, बदलला जातो, आणि त्याची नोंद वहीत राहते. धरणांचे पाहा. गोसेखुर्दला 33 दरवाजे, तोतलाडोहला 14. पावसाळ्यात बातमी येते ती किती दरवाजे किती मीटर उघडले याची. पण उघडलेला जड वक्र दरवाजा तेवढ्याच उंचीवर तासन्‌तास धरून ठेवणे हे सगळे दोर-ड्रमाचेच शास्त्र आहे. हे नाते नावावरून दिसत नाही, कारण एक खाणखाते, एक पाटबंधारे आणि एक नौकानयन. खात्यांच्या भिंती यंत्रांना ठाऊक नसतात.

पहिला आक्षेप अंतराचा. तो मला सर्वांत लंगडा वाटतो. नौदलाच्या जहाजांवरची 76 मिलिमीटरची तोफ भेल बनवते ती हरिद्वारला, गंगेच्या काठी. जहाजांचे गिअरबॉक्स इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरहून गेले आहेत. डेकवरची यंत्रे बनवणाऱ्या कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सने जहाजांच्या डिझेल इंजिनांचा कारखाना ठेवला आहे रांचीत. 2 सप्टेंबर 2022 रोजी नौदलात दाखल झालेल्या विमानवाहू विक्रांतच्या पोलादाचा एक वाटा भिलाईचा, आणि भिलाई तर नागपूरच्या शेजारीच. काही टनांचा विंडलास ट्रेलरवर चढतो आणि 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने मुंबईच्या वेशीपर्यंत जातो. त्याला समुद्र लागतो तो बसवल्यावर.

दुसरा आक्षेप खारेपणाचा, आणि तो वजनदार आहे. कोळशाच्या खाणीतले आम्लयुक्त पाणी लोखंड खाते हे खरे, पण समुद्री फवाऱ्याशी त्याची बरोबरी करणे ही पळवाट होईल. आठवडेच्या आठवडे न वापरलेला विंच गंजाने चिकटतो. ब्रेकचे अस्तर ड्रमला धरून बसते आणि नेमक्या वेळी सुटत नाही किंवा आवळत नाही. त्यासाठी ब्रेकच्या पृष्ठभागाला स्टेनलेस स्टीलचे आवरण, पोलाद वाळूच्या माऱ्याने साफ करून जस्ताचा थर, ग्रीस पोचेल असे प्रत्येक बेअरिंग, एवढे सगळे आरेखनातच यावे लागते. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या कारखान्याला ते शिकावे लागेल. मात्र यातले काहीही समुद्रकिनारी राहूनच शिकता येते असे नाही.

खरी अडचण कागदाची आहे. जहाजावर जाणाऱ्या यंत्राचा शाफ्ट, दातेरी चाक, जाड पत्रा, प्रत्येकाला वर्गीकरण संस्थेच्या सर्वेक्षकाचा शिक्का लागतो, आणि तो शिक्का पोलाद ओतण्याच्या टप्प्यापासूनची नोंदींची साखळी मागतो. अशी आपली संस्था, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, 1975 पासून आहे, मुख्यालय पवईत. पहिल्या एक-दोन यंत्रांच्या मंजुरीचा खर्च लहान कारखानदाराला झेपत नाही, आणि ऑर्डर नसताना तो करायचा तरी कशासाठी? जागतिक जहाजबांधणीत भारताचा वाटा एक टक्क्याच्याही आत आहे. ही कोंडी मागणीने फुटेल, भाषणांनी नव्हे. केंद्राने सप्टेंबर 2025 मध्ये जहाजबांधणीसाठी 69,725 कोटी रुपयांचे पॅकेज मंजूर केले, महाराष्ट्राचे स्वतंत्र धोरणही त्याच वर्षीचे. पण असे पैसे गोदीपाशीच थांबले, तर गोदी देशी आणि विंच परदेशी असे होऊ शकते. राज्याने पहिल्या मंजुरीच्या खर्चात वाटा उचलला आणि खाणींना विंच पुरवणाऱ्यांना त्यात आधी उभे केले, तर सवलत योग्य जागी पडेल.

मोटर, गिअर, ब्रेक यांच्या बहुतेक चाचण्या कारखान्याच्या छपराखालीच होतात. एकच चाचणी नागपूरला कधीच घेता येणार नाही: जहाज खोल पाण्यात नेऊन नांगर सोडायचा, तीन शॅकल साखळी लोंबू द्यायची आणि घड्याळ लावून वर घ्यायची. मिनिटाला 9 मीटर धरले, तर त्यातल्या मोजायच्या दोन शॅकल वर यायला सहा मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो.