पिंट्याचं पासपोर्टवरचं नाव काय?

दहावीच्या बॅचचा ग्रुप, रात्रीचे अकरा, आणि कुणीतरी टाकतं, 'या वर्षी बाली नक्की!' चाळीस अंगठे वर होतात. पैसे भरायची वेळ आली की उरतात सहा. पुढची शिदोरी त्या सहांसाठी.

तिकीट काढताना पहिला साक्षात्कार होतो. ज्याला चाळीस वर्षं पिंट्या म्हणत आलो, त्याचं खरं नाव कुणालाच धड आठवत नाही. तिकिटावर तर पासपोर्टवरचंच नाव लागतं. त्यातून आपल्याकडच्या बऱ्याच पासपोर्टांत नावाच्या रकान्यात वडिलांचं नावही असतं. मैत्रिणींचं माहेरचं आडनाव की सासरचं, हा गोंधळ वेगळाच. थोडक्यात, शाळेच्या हजेरीपटावरून तिकिटं काढू नका.

पाडव्याला बाली?

'गुढीपाडव्याची सुट्टी धरून जाऊ' असं कुणी म्हणालं तर जरा थांबा. बालीतही शक संवत्सर चालतं, तेही आपल्यासारखंच इसवी सनाच्या ७८ वर्षं मागे. २०२६ मध्ये तर आपला पाडवा आणि त्यांचं नववर्ष 'न्येपी' दोन्ही १९ मार्चलाच, आणि दोन्हीकडे शके १९४८! आपण गुढी उभारतो, श्रीखंड हाणतो, शोभायात्रा काढतो. ते आदल्या संध्याकाळी 'ओगोह-ओगोह' नावाच्या अक्राळविक्राळ राक्षसांच्या मिरवणुका काढतात आणि सकाळी सहापासून २४ तास अख्खं बेट चिडीचूप. दिवे नाहीत, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळसुद्धा बंद, मोबाइलचं इंटरनेटही बंद. पाहुण्यांनीही हॉटेलातच बसायचं. रस्त्यावर फिरतात ते फक्त 'पचालांग', म्हणजे गावचे राखणदार. दर वर्षी तारखा जुळतातच असं नाही. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होती, पाडवा ९ एप्रिलला. म्हणून दिनदर्शिका दोन्ही बघा. माझं मत विचाराल तर, जुन्या मित्रांनी मुद्दाम न्येपीलाच जावं. फोन बंद असला की हे लोक पुन्हा एकमेकांशी बोलायला लागतात.

डब्यातली स्फोटकं

प्रत्येक ग्रुपात एक खाद्यमंत्री असतो. त्याची बॅग आधी तपासा. विमानाच्या चेक-इन सामानात सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांना भारतात बंदी आहे. तेलाचं प्रमाण इतकं की खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं. वाटेत सिंगापूर करणार असाल तर अनारसे घरीच संपवा, कारण तिथे खसखशीला बंदी आहे. संयुक्त अरब अमिरातीतही तेच. खसखस अफूच्या बोंडातून येते, एवढंच तिचं पाप. च्युइंगमही सिंगापुरात १९९२ पासून नेता येत नाही. पॉवर बँक मात्र चेक-इन बॅगेत नको, हातातल्या बॅगेत हवी.

सहाही जण लखपती

इंडोनेशियाची सगळ्यात मोठी नोट एक लाख रुपियांची. दहा नोटा झाल्या की दहा लाख, म्हणजे आपले साधारण पाच-साडेपाच हजार. ग्रुपातल्या सीएला जेवणाचं बिल सहा जणांत वाटू द्या आणि शून्यं मोजताना त्याचा चेहरा बघा. पर्यटकांना बालीत दीड लाखाची पट्टीही भरावी लागते, फेब्रुवारी २०२४ पासून. आकडा ऐकून घाबरू नका, हजाराच्या आतलं काम आहे.

एखाद्याकडे पासपोर्टच नाही? मग नेपाळ किंवा भूतान. दोन्हीकडे भारतीयांना मतदार ओळखपत्रावर जाता येतं. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त १५ मिनिटं पुढे असतं. आपल्या ग्रुपचा वक्तशीरपणा पाहता एवढा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड इथे पोहोचताना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. आज रात्रीच ग्रुपवर प्रत्येकाकडून मुदतीची तारीख मागून घ्या. 'हो हो, बघतो' हे उत्तर धरू नका.